हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णातील कमी पोटॅशियम: कारण समजावे की परिणाम?

निवासी_वैद्यक यांचा प्रश्न

सर्व ज्येष्ठ सदस्यांना नमस्कार. मी अतिदक्षता विभागात निवासी डॉक्टर म्हणून काम करतो. सध्या आमच्याकडे असलेल्या एका रुग्णाच्या निमित्ताने विभागात मतभेद निर्माण झाले आहेत, म्हणून येथे विचारत आहे.

रुग्ण ५४ वर्षांचे गृहस्थ आहेत. उच्च रक्तदाबासाठी ते बरीच वर्षे हायड्रोक्लोरोथायझाइड (मूत्र वाढवणारे थायझाइड गटातील औषध) २५ मिलिग्रॅम घेत आहेत. हृदयविकाराची पूर्वीची नोंद नाही. घरी बसल्या जागी कोसळले, शेजाऱ्यांनी लगेच छातीदाब सुरू केला आणि रुग्णवाहिकेतील मॉनिटरवर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर) दिसले. चार शॉक, अ‍ॅड्रेनॅलिनच्या १ मिलिग्रॅमच्या तीन मात्रा आणि अमिओडॅरोन (लय सावरणारे औषध) ३०० मिलिग्रॅम दिल्यानंतर नाडी परत आली. त्यानंतर साधारण वीस मिनिटांनी घेतलेल्या धमनीतील रक्ताच्या पहिल्या नमुन्यात पोटॅशियम २.८ मिलिमोल प्रति लिटर, पीएच ७.१६, लॅक्टेट (प्राणवायूच्या अभावी साचणारे आम्ल) ९ आणि साखर २९० आली. ईसीजीत टी लहरी चपट्या आहेत, क्यूटी (हृदयाच्या विद्युत-पूर्वपदाला लागणारा वेळ दाखवणारे अंतर) लांबलेला आहे, मात्र एसटी उंचावलेला नाही.

केसपेपरवर पहिल्याच दिवशी ‘थायझाइडमुळे पोटॅशियम घटले व त्यामुळे हृदयक्रिया बंद पडली’ अशी नोंद झाली. नातेवाइकांनी ती वाचली असून ‘रोजच्या गोळीनेच हे झाले का?’ असे ते प्रत्येकाला विचारत आहेत. ज्यांनी नोंद केली त्या सरांचा युक्तिवाद असा की, पीएच इतका आम्ल असताना पोटॅशियम वाढलेले असायला हवे. तरीही ते २.८ आहे, म्हणजे शरीरातील खरी तूट फारच मोठी असली पाहिजे. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटत नाही, पण तो नेमका कोठे अडतो हेही सांगता येत नाही. शिवाय तूट मोठी मानली तर भरपाईही मोठी करावी लागेल, आणि मूत्रपिंडांना धक्का बसलेला असताना तशी भरपाई करण्याची मला धास्ती वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

अतिदक्षता_चिकित्सक यांचे उत्तर

डॉक्टर, आपली शंका रास्त आहे. नाडी परत आल्यानंतरच्या पहिल्या तासात मिळालेला पोटॅशियमचा आकडा हा मुख्यतः त्या तासाचा असतो. कोसळण्यापूर्वी रक्तात किती पोटॅशियम होते हे त्यावरून ठरवता येत नाही.

हृदय थांबलेले असते तेव्हा पेशींना प्राणवायू मिळत नाही, सोडियम-पोटॅशियम पंप (पोटॅशियम पेशींत ओढणारी यंत्रणा) मंदावतो आणि पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपते. त्यामुळे फार वेळ चाललेल्या पुनरुज्जीवनात ते चढलेलेही आढळते. रक्ताभिसरण परतल्यावर हा प्रवाह उलटतो. रुग्णाच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथींनी ओतलेले अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्यात आपण दिलेले ३ मिलिग्रॅम, या दोहोंमुळे स्नायू व यकृतातील पेशींवरचे बीटा-२ ग्राही उद्दीपित होतात, पंप वेगाने चालू लागतो आणि पोटॅशियम पेशींत खेचले जाते. साखर वाढल्यामुळे स्रवणारे इन्सुलिनही तेच करते. कोणी सोडियम बायकार्बोनेट दिले असेल, कृत्रिम श्वसनाचा वेग जास्त ठेवला असेल किंवा साल्ब्युटॅमॉलची (दम्याच्या औषधाची) वाफ दिली असेल, तर त्याचीही भर पडते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. रुग्णालयाबाहेर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होऊन वाचवलेल्या रुग्णांत पोटॅशियम कमी आढळते, हे निरीक्षण थॉम्पसन आणि कॉब यांनी सिअ‍ॅटलमधून १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना अ‍ॅड्रेनॅलिनचे इन्फ्युजन देऊन दाखवले की पोटॅशियम सुमारे ०.८ मिलिमोलने खाली येते आणि निवडक बीटा-२ रोधक आधी दिला तर ही घसरण थांबते. त्या प्रयोगातील मात्रा पुनरुज्जीवनात आपण देतो त्यापेक्षा कितीतरी कमी होती.

आता ‘मोठी तूट’ या मुद्द्याचा हिशेब करून पाहू. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात एकूण साधारण ३५०० मिलिमोल पोटॅशियम असते आणि त्यातील जवळपास ९८ टक्के पेशींच्या आत असते. पेशीबाह्य द्रव सुमारे १४ लिटर धरला, तर पोटॅशियम ४.१ वरून २.८ वर येण्यासाठी अवघे १८ मिलिमोल पेशींत सरकले तरी पुरते. हे एकूण साठ्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास झाले. आपण मोजतो ती गल्ल्यातली चिल्लर असते, तिजोरीतला साठा नव्हे. याउलट हीच घट पोटॅशियम शरीराबाहेर गेल्यामुळे झाली असती, तर तूट काहीशे मिलिमोलची असती. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र दोन्ही परिस्थितींत २.८ हाच आकडा उमटतो.

राहिला पीएचचा युक्तिवाद. आम्लता वाढली की पोटॅशियम ठरावीक प्रमाणात वाढते, हा पाठ आपण सर्वांनी केलेला नियम मुख्यतः खनिज आम्लांमुळे होणाऱ्या आम्लतेवरून आलेला आहे. लॅक्टेटसारखे सेंद्रिय आम्ल असेल तर लॅक्टेटचा ऋण आयनही बऱ्याच अंशी पेशीत शिरतो, त्यामुळे पोटॅशियम बाहेर ढकलले जाण्याचे प्रमाण फारच कमी राहते. म्हणून ‘७.१६ असूनही २.८, म्हणजे प्रत्यक्षात दोनच्याही खाली’ अशी वजाबाकी येथे करू नये. माझ्या मते आपल्या विभागातील चर्चेची मूळ गफलत येथेच आहे, आणि ती केवळ तात्त्विक राहत नाही, कारण अशा वजाबाकीच्या भरवशावर शंभर-दीडशे मिलिमोलची भरपाई लिहिली जाते आणि सहा तासांनी मूत्र कमी झालेल्या रुग्णाचे पोटॅशियम सहाच्या वर गेलेले आढळते.

याचा अर्थ २.८ कडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. कारण कोणतेही असो, नुकत्याच सावरलेल्या हृदयात इतके पोटॅशियम पुन्हा फिब्रिलेशनला आमंत्रण देते. उपचार करावाच, फक्त तो उपचार निदानाचा पुरावा म्हणून वापरू नये.

जीवरसायन_प्रयोगशाळा यांचे उत्तर

थोडक्यात तीन गोष्टी. आपला नमुना रक्तवायू यंत्रावरचा, म्हणजे संपूर्ण रक्ताचा आहे. त्यात लाल पेशी फुटल्या असतील तर ते डोळ्यांना दिसत नाही, आणि फुटलेल्या पेशींमुळे आकडा खोटा वाढतो, म्हणजे खरे पोटॅशियम २.८ पेक्षाही कमी असू शकते. छातीदाब चालू असताना घाईने ओढलेल्या नमुन्यांत हे वारंवार घडते. म्हणून सोबत एक नमुना अपकेंद्रित करून प्लाझ्माचा रंग पाहण्यासाठी अवश्य पाठवावा. दुसरे, सीरमचा आकडा प्लाझ्मापेक्षा किंचित जास्त येतो, कारण रक्त गोठताना प्लेटलेटमधून पोटॅशियम सुटते. तेव्हा यंत्रावरचा आकडा आणि प्रयोगशाळेचा आकडा एकाच रेषेवर मांडून ‘०.३ ने वाढले’ असे म्हणू नये. तिसरे, ज्या हातात सलाइन चालू आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने घेतलेला नमुना पातळ होऊन पोटॅशियम खोटे कमी दाखवतो. अशा वेळी सोडियम, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन यांकडे एक नजर टाकली की चूक लगेच पकडता येते.

हृदयलय_तज्ज्ञ यांचे उत्तर

अतिदक्षता_चिकित्सक यांच्या मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र लंबक दुसऱ्या टोकाला जाऊ नये म्हणून थायझाइडची बाजूही मांडतो.

१९८३ मध्येच स्ट्रदर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की आधीपासून थायझाइड घेणाऱ्यांना अ‍ॅड्रेनॅलिन दिले तर पोटॅशियम आणखी खालच्या पातळीवर जाते, कारण घसरण सुरूच मुळी खालच्या पायरीवरून होते. आपल्या रुग्णाचे पोटॅशियम कोसळण्यापूर्वी ३.४ असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पण ३.४ पोटॅशियम असलेले असंख्य लोक रोज हिंडत-फिरत असतात. तेवढ्यावरून निरोगी हृदयात फिब्रिलेशन झाले असे म्हणायला दुसरा काहीतरी आधार हवा. तो आधार अरुंद झालेली हृदयरोहिणी, जुनी चट्टा पडलेली स्नायूभित्ती, जन्मजात लांब क्यूटी किंवा क्यूटी लांबवणारे एखादे औषध यांपैकी कोणताही असू शकतो, आणि तो शोधण्याचे काम ‘पोटॅशियममुळे झाले’ या एका वाक्याने थांबते. मला भीती वाटते ती याच वाक्याची.

कारण पुढचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. उलटवता येण्याजोग्या कारणाशिवाय व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालेल्या आणि वाचलेल्या रुग्णाला प्रत्यारोपित डिफिब्रिलेटर (लय बिघडल्यास आपोआप शॉक देणारे उपकरण) बसवण्याची शिफारस आहे. ‘पोटॅशियम कमी होते, ते भरून काढले, कारण दूर झाले’ असे ठरवले की डिफिब्रिलेटर न बसवता रुग्ण घरी जातो. तात्पुरत्या किंवा दुरुस्त करता येण्याजोग्या कारणामुळे असा झटका आला असे समजले गेलेल्या रुग्णांचा एव्हिड चाचणीच्या (लयदोषावरील औषधे आणि प्रत्यारोपित डिफिब्रिलेटर यांची तुलना करणारी चाचणी) नोंदवहीतून पाठपुरावा झाला होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात त्यांचा पुढील काळातील मृत्यूचा धोका इतरांपेक्षा कमी आढळला नाही. म्हणजे ‘कारण दूर झाले’ हे पुष्कळदा आपले समाधान असते.

सार्वजनिक नोंदींतले एक प्रकरण येथे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९९० मध्ये टेरी शायव्हो ही तरुण स्त्री घरी कोसळली. पुनरुज्जीवनानंतर तिचे पोटॅशियम २.० आढळले आणि त्यावरून तिला आहारविकार होता, त्यातून पोटॅशियम घटले व हृदय थांबले, अशी साखळी जोडली गेली. १९९२ मध्ये वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात ज्यूरीनेही तो धागा मान्य केला. २००५ मध्ये तिच्या मृत्यूनंतर झालेल्या शवचिकित्सेच्या अहवालात मात्र स्पष्ट म्हटले आहे की हा नमुना फिब्रिलेशन, अ‍ॅड्रेनॅलिन आणि शिरेवाटे दिलेले द्रव या सगळ्यांनंतरचा असल्याने कोसळण्यापूर्वीच्या पोटॅशियमचे ते विश्वासार्ह माप नाही. एका आकड्यावर उभी राहिलेली कथा पंधरा वर्षे कशी टिकते, याचे हे उदाहरण आहे.

खरी तूट आधीपासून होती का, हे ओळखण्याच्या काही खुणा सांगतो. मागच्या काही महिन्यांतील रक्ततपासणीचा कागद हा सर्वांत मोलाचा पुरावा. नातेवाइकांना घरी शोधायला सांगावे. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रावाटे दीर्घकाळ क्षार जात असल्याचा संशय बळावतो. अलीकडे उलट्या, जुलाब किंवा पायांत गोळे येणे झाले होते का, गोळीची मात्रा वाढवली होती का, हे विचारावे. आणि भरपाईला मिळणारा प्रतिसाद पाहावा: थोड्या मात्रेत आकडा सावरला आणि टिकला तर स्थलांतर, मोठ्या मात्रा देऊनही पुन्हा पुन्हा घसरला तर तूट. पहिल्या तासातला ईसीजी या कामी फारसा उपयोगाचा नाही. अमिओडॅरोन, मेंदूला बसलेला धक्का आणि कमी तापमान यांतले प्रत्येक कारण एकट्याने क्यूटी लांबवू शकते. जुना ईसीजी मिळाला तर तो पाहावा, नाहीतर काही दिवस थांबावे.

निवासी_वैद्यक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काही नवी माहिती देतो. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतील नळीतून) चार तासांत एकूण ४० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड आणि सोबत मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम दिले. त्यानंतर प्रयोगशाळेतील पोटॅशियम ४.३ आले असून प्लाझ्मा स्वच्छ होता. लॅक्टेट ३ वर उतरले आहे, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन कमी मात्रेत चालू आहे, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचे माप) १.१ वरून १.७ वर गेले आहे. मुलाने सात महिन्यांपूर्वीचा तपासणीचा कागद आणला; त्यात पोटॅशियम ३.५ आहे. आता भरपाई थांबवावी की साडेचारपर्यंत न्यावे? आणि भरपाईचा वेग नेमका किती असावा, याबाबतही परिचारिकांनी आणि आम्ही वेगवेगळे आकडे ऐकले आहेत.

अतिदक्षता_चिकित्सक

चाळीस मिलिमोलमध्ये दीड अंकाने वाढ झाली, यातच उत्तर आहे. खऱ्या तुटीत ४० मिलिमोलने साधारण ०.४ ची वाढ अपेक्षित असते. उरलेले पोटॅशियम अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर ओसरल्यावर पेशींतून आपले आपणच परत आले आहे.

तेव्हा आता थांबावे. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलच्या २०१५ च्या सूचनांत ४.० ते ४.५ ही पातळी राखण्यास सांगितले होते आणि आपण त्या पट्ट्यातच आहात. क्रिएटिनिन चढत असताना वरची कड गाठण्याचा अट्टहास करू नये. पुढचे बारा तास दर दोन तासांनी मोजावे, आणि साखरेसाठी इन्सुलिन सुरू केले किंवा बंद केले तर त्यानंतर लगेच एकदा मोजावे.

वेगाबद्दल: हातातील शिरेतून ताशी १० मिलिमोल, सेंट्रल लाइनमधून आणि ईसीजी मॉनिटर चालू ठेवून ताशी २० मिलिमोलपर्यंत, हा नेहमीचा संकेत आहे. आपण ऐकलेले दुसरे आकडे बहुधा अगदी टोकाच्या परिस्थितीचे असावेत. अस्थिर लयदोष असून हृदय थांबण्याच्या बेतात आहे अशा वेळी युरोपीय सूचनांत मिनिटाला २ मिलिमोल या वेगाने दहा मिनिटे आणि पुढे ५ ते १० मिनिटांत १० मिलिमोल देण्याचा उल्लेख आहे. याउलट हृदय थांबलेलेच असताना केवळ संशयावरून पोटॅशियम झटक्यात शिरेत ढकलू नये, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या सूचना सांगतात. दोन्ही सूचनांचा प्रसंग वेगळा आहे. स्थिर नाडी आणि २.८ पोटॅशियम असलेल्या आपल्या रुग्णाला यांपैकी एकही लागू नव्हती आणि आपण योग्य तेच केले.

रुग्णाला ३३ अंशांवर थंड ठेवणार असाल तर हिशेब बदलतो. थंडीत पोटॅशियम पुन्हा पेशींत जाते आणि मूत्रही वाढते, मग ऊब देताना ते उलट बाहेर येते; म्हणून ऊब द्यायला सुरुवात करण्याच्या काही तास आधीच भरपाई थांबवलेली बरी. २०२१ च्या टीटीएम-२ चाचणीनंतर (थंड ठेवणे आणि केवळ ताप टाळणे यांची तुलना करणारी चाचणी) पुष्कळ विभाग केवळ ताप टाळण्यावर भर देतात, त्यांना हा त्रास कमी होतो.

अतिदक्षता_परिचारिका

वेगाइतकेच महत्त्वाचे एक हातातले काम आहे, ते डॉक्टरांच्या लक्षात क्वचित येते, म्हणून लिहिते. पंधरा टक्क्यांच्या १० मिलिलिटर अँप्यूलमध्ये २० मिलिमोल पोटॅशियम असते. ते टांगलेल्या सलाइनच्या पिशवीत खालच्या तोंडातून टोचले आणि पिशवी तशीच ठेवली, तर जड असलेले पोटॅशियम तळाशी, म्हणजे नेमके नळीच्या तोंडाशी साचते आणि पहिल्या काही मिनिटांत रुग्णाला जवळजवळ निव्वळ पोटॅशियम जाते. पंपावरचा वेग तेव्हा अगदी बरोबर दिसत असतो. त्यामुळे नळी जोडण्यापूर्वी पिशवी हुकावरून काढून आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करावी, मगच टांगावी. तयार मिश्रणाच्या पिशव्या मिळत असतील तर त्याच वापराव्यात. चालू पिशवीत वरून भर घालू नये. मात्रा दुसऱ्या परिचारिकेकडून मोठ्याने वाचून तपासून घ्यावी आणि अँप्यूल सलाइन किंवा शुद्ध पाण्याच्या अँप्यूलशेजारी ठेवू नये.

हाताच्या शिरेतून देताना शुद्धीतला रुग्ण जळजळ होते म्हणून सांगतो. हृदयक्रिया परतलेला, झोपेच्या औषधाखालचा रुग्ण सांगू शकत नाही. तिथे दर तासाला पट्टी बाजूला करून शिरेवरची लाली आणि सूज आपणच पाहावी लागते.

निवासी_वैद्यक

मॅडम, पिशवी उलटी-सुलटी करण्याची सूचना आज आमच्या फळ्यावर लिहिली आहे. शेवटचा प्रश्न हृदयलय_तज्ज्ञ सरांना: केसपेपरवरील ती ओळ आता कशी दुरुस्त करावी, आणि नातेवाइकांना काय सांगावे?

हृदयलय_तज्ज्ञ

जुनी ओळ खोडू नये. त्याखाली आजची तारीख व वेळ घालून नवी नोंद करावी. मी असे लिहीन: ‘पुनरुज्जीवनानंतर सुमारे २० मिनिटांनी, अ‍ॅड्रेनॅलिन ३ मिलिग्रॅम दिल्यानंतर, पोटॅशियम २.८. चाळीस मिलिमोल भरपाईनंतर ४.३. सात महिन्यांपूर्वी ३.५. पोटॅशियमची घट हे हृदयक्रिया बंद पडण्याचे कारण म्हणून सिद्ध झालेले नाही. मूळ कारणाचा शोध चालू.’ डिस्चार्ज कार्डावरही हेच शब्द जावेत, कारण पुढे रुग्णाला पाहणारा डॉक्टर केसपेपर नव्हे, ते कार्ड वाचतो.

तपासण्यांत हृदयरोहिणींची अँजिओग्राफी आधी, एकोसोबतच (हृदयाच्या सोनोग्राफीसोबत). त्यात काही न सापडल्यास हृदयाचा एमआरआय, आणि रुग्ण शुद्धीवर येऊन औषधे उतरल्यावर पुन्हा ईसीजी. उच्च रक्तदाब आणि काठावरचे पोटॅशियम ही जोडी असल्याने, प्रकृती स्थिरावून पोटॅशियम सामान्य झाल्यावर अल्डोस्टेरॉन व रेनिनची (रक्तदाब व क्षार नियंत्रित करणाऱ्या घटकांची) तपासणीही करून घ्यावी. थायझाइड आता देऊ नये. रक्तदाबासाठी पुढे पोटॅशियम न घटवणारे औषध निवडावे. यात गोळीवर ठपका ठेवण्याचा प्रश्न नाही, या रुग्णाच्या हृदयाला काठावरचे पोटॅशियम परवडणारे नाही एवढेच.

नातेवाइकांना इतके सांगता येईल की कोसळल्यानंतर, उपचारांदरम्यान पोटॅशियम खाली जाणे हे अशा रुग्णांत नेहमी दिसते, गोळीने त्यात थोडा हातभार लावला असणे शक्य आहे, आणि हृदय का थांबले हे अँजिओग्राफीपूर्वी कोणीही सांगू शकत नाही. गोळी कोण देत होते, हे मात्र सौम्यपणे विचारून घ्यावे. बहुतेक घरांत ती पत्नी किंवा मुलगी हातावर ठेवते, आणि केसपेपरवरच्या त्या ओळीचा सर्वांत मोठा भार त्याच व्यक्तीवर पडलेला असतो. तिच्याशी वेगळे बसून बोलावे.